फादर तोंड का उघडत नाहीत? (वाचकांचे प्रश्न)

या वेळचा विषय होता सिनेमा आणि कादंबऱ्यांमधली कॅथोलिक श्रद्धा. पत्रं भरपूर आली, काही कुतूहलाची, काही चिडलेली, जमतील तेवढी घेतेय. काही उत्तरांत गोष्टीचा शेवट फुटतो, ज्यांचं बघायचं-वाचायचं बाकी आहे त्यांनी ते उत्तर सोडून पुढं जावं, नंतर मला बोल लावू नये.

नमस्कार ताई, नवा पोप निवडायच्या बंद दाराआडच्या बैठकीवरचा ‘कॉन्क्लेव्ह’ बघितला. त्यात काबूलचा एक आर्चबिशप अचानक दारात येऊन उभा राहतो, गेलेल्या पोपनं मला गुपचूप कार्डिनल (पोप निवडणारा वरिष्ठ धर्मगुरू) केलं होतं म्हणतो, आणि त्याला चक्क मतदानाला आत घेतात. असं खरंच चालतं का? – एक वाचक, कोथरूड

नाही चालत. गुपचूप नेमणूक होते हे मात्र खरं आहे, जिथं सरकारचा चर्चवर डोळा असतो तिथल्या माणसाचं नाव पोप मनातच ठेवतात आणि नुसतं एवढंच जाहीर करतात की एक नाव राखून ठेवलंय. पण ते नाव पोपनी हयातीत उघड केलं नाही तर त्या माणसाला कार्डिनलचा कुठलाच हक्क मिळत नाही. जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये असं एक नाव राखून ठेवलं होतं, २००५ ला ते गेले आणि ते नाव त्यांच्याबरोबरच गेलं, तो माणूस कोण होता ते आजही बाहेर आलेलं नाही. (रॉबर्ट हॅरिसच्या कादंबरीत हे पात्र बगदादचं आहे, सिनेमात काबूलचं केलंय.)

बाकी तपशील बऱ्यापैकी जमलेत. मतदान होतं ते सिस्टीन चॅपल सिनेमासाठी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभं केलेलं आहे, पटतं का बघा. सिनेमाला मार्च २०२५ मध्ये पटकथेचं ऑस्कर मिळालं, २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले आणि ७ मेला खरे १३३ कार्डिनल आत गेले, दुसऱ्याच दिवशी चौथ्या फेरीत लिओ चौदावे निवडून आले, म्हणजे सिनेमातल्यापेक्षा खरं प्रकरण फारच पटकन उरकलं. आणखी एक गंमत, सिनेमात सगळा कारभार बघतो तो डीन, म्हणजे कार्डिनलांचा प्रमुख, खऱ्या कॉन्क्लेव्हमध्ये डीन आत नव्हतेच, कारण त्यांचं वय ऐंशीच्या वर आणि ऐंशीनंतर मत देता येत नाही, त्यामुळं आतलं सगळं कार्डिनल पारोलिन यांनी बघितलं.

मला त्यात राजकारणापेक्षा रेफ फाइन्सनं केलेला डीन लॉरेन्स आवडला. त्याला प्रार्थनाच जमत नाहीये आणि तरी कामं एकामागून एक करत राहतो.

हिंदी सिनेमात खुनी चर्चमध्ये जाऊन फादरला सगळं सांगतो आणि फादर गप्प बसतात. मला बघताना इतका राग येतो. पोलिसांना एक फोन करायला काय होतं? – वाचक, सांगली

काय होतं म्हणजे, सगळंच जातं. कन्फेशनमध्ये, म्हणजे कुणी पापाची कबुली देताना, ऐकलेलं फादरनं कुणालाही सांगायचं नाही, शब्दानं नाही, खुणेनं नाही, स्वतःचा जीव वाचवायला नाही, दुसऱ्याचा वाचवायलाही नाही. जाणूनबुजून सांगितलं तर तो त्याच क्षणी आपोआप चर्चबाहेर पडतो आणि तो बहिष्कार उठवायचा अधिकार फक्त रोमला. इतकंच नाही, ऐकलेली माहिती वापरायचीसुद्धा नाही, म्हणजे चोरानं तुमच्याच घराबद्दल सांगितलं तरी त्यावरून कुलूप बदलायला जाऊ नये असं ते गणित आहे. फादर खुन्याला इतकं म्हणू शकतो की बाबा तू स्वतः जाऊन हजर हो, आणि त्याला खरा पश्चात्तापच नसेल तर पापक्षमा द्यायचं नाकारू शकतो. त्यापुढं दार बंद.

प्रागमध्ये १३९३ साली नेपोमुकच्या जॉन नावाच्या धर्मगुरूला नदीत बुडवून मारलं, राणीचं कन्फेशन राजाला सांगितलं नाही म्हणून, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार म्हणतात मूळ भांडण चर्चमधल्या एका नेमणुकीवरून होतं. पण लोकांना आख्यायिकाच आवडली, मला पण आवडते.

तुमच्या रागावर अख्खा सिनेमा आहे, हिचकॉकचा ‘आय कन्फेस’, १९५३. क्यूबेक शहर, चर्चमध्ये काम करणारा एक माणूस फादरचा झगा घालून एका वकिलाचा खून करतो आणि रात्री येऊन फादर लोगनला कन्फेशनमध्ये सांगून टाकतो. झगा घातलेला माणूस लोकांनी पाहिलेला असतो, आणि नेमका तोच वकील फादर लोगनच्या जुन्या मैत्रिणीला ब्लॅकमेल करत असतो, म्हणजे संशय सरळ फादरवर. आता फादरला खुनी माहितीये, खुन्याला माहितीये की फादरला माहितीये, आणि फादर कोर्टात उभा राहून गप्प. हिचकॉक स्वतः कॅथोलिक, लंडनला जेझुइटांच्या (हा कॅथोलिक धर्मगुरूंचा एक संघ) शाळेत शिकलेला, आणि पुढं त्यानंच मान्य केलं की हा सिनेमा लोकांच्या गळी उतरला नाही कारण कॅथोलिक नसलेल्या प्रेक्षकाला पटतच नाही की कुणी अशा गोष्टीसाठी फासावर जायला तयार होईल. म्हणजे सांगलीत बसून तुम्हाला आला तोच राग.

माझं मत विचाराल तर हाच सिनेमा खरा कॅथोलिक. क्रूस किती दिसले, मेणबत्त्या किती लावल्या, ऑर्गन किती वाजला यावर ते ठरत नाही हो, त्यातला एखादा नियम कुणाला तरी महागात पडतो का, आणि पडत असूनही तो माणूस नियम का पाळतो किंवा का मोडतो, यावर ठरतं. हिंदी सिनेमात फादरचं गप्प बसणं ही हिरोची सोय असते, इथं फादर लोगन झालेल्या माँटगोमेरी क्लिफ्टच्या चेहऱ्यावर ते दीड तास दिसत राहतं.

ताई, मी वसईची, एस.वाय.ला आहे. घरी सगळ्यांनी मिळून ‘सायलेन्स’ बघितला. शेवटाकडे तो फादर येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवतो तेव्हा आमचे काका उठून निघून गेले, म्हणाले पाय ठेवला तिथं संपलं, आपल्या गोन्सालो गार्सियानं तिथंच जीव दिला आणि ह्यानं पाय ठेवला. मला तेव्हापासून कळत नाहीये. तो फादर हरला की जिंकला?

तुझ्या काकांना राग आला त्यात नवल काही नाही, हा सिनेमा ज्या जपानी कादंबरीवरून निघाला ती १९६६ मध्ये आली तेव्हा खुद्द जपानमधल्या कितीतरी कॅथोलिकांना असाच राग आला होता. आणि काकांनी नाव पण बरोबर काढलं. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज, आई इथलीच, फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं त्यातला तो एक. १८६२ मध्ये संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्यामुळं ही जपानची गोष्ट वसईकराला परकी नाहीच, आणि गोव्याला तर अजिबात नाही, फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला निघाला तो गोव्याहूनच, कादंबरीतले फादरसुद्धा लिस्बनहून निघून आधी गोव्याला येतात, मग मकाव, मग लपतछपत जपान.

पण गोन्सालोचा काळ आणि या गोष्टीचा काळ यात चाळीसेक वर्षं गेलीत आणि तेवढ्यात राज्यकर्ते हुशार झालेत, हे लक्षात घे. क्रुसावर मारलं की हुतात्मा तयार होतो आणि लोक आणखी घट्ट होतात हे त्यांना कळलं. १६१४ मध्ये सगळ्या देशात बंदी आली, मग पद्धत बदलली, मारायचं नाही, सोडायला लावायचं. लाकडी चौकटीत बसवलेली येशू-मारियाची धातूची प्रतिमा, तिला फुमिए म्हणायचे, ती जमिनीवर ठेवायची आणि एकेकाला त्यावरून चालायला लावायचं, नागासाकीत तर दरवर्षी. जो अडखळला तो सापडला. आणि फादर हाती लागला तर त्याला खड्ड्यावर उलटं टांगायचं. ख्रिश्तोव्हाँव फेरेरा हा जेझुइटांचा तिथला प्रमुख खराखुरा माणूस, १६३३ मध्ये पाचेक तास तसा लटकला आणि त्यानं धर्म सोडला. युरोपात हे कुणाला खरंच वाटेना. कादंबरी तिथून सुरू होते, त्याचे विद्यार्थी त्याला शोधायला निघतात.

लिहिणारा शुसाकू एन्दो. लहानपणी आईनं बाप्तिस्मा करवला, आणि पुढं तो म्हणायचा की आईनं घातलेला हा परदेशी कोट मला कधी अंगाला नीट बसलाच नाही पण काढूनही टाकता आला नाही. नागासाकीत त्याला एक जुनी फुमिए बघायला मिळाली, तिच्या लाकडावर माणसांच्या पायांचे काळपट डाग होते, त्याच्या डोक्यात तेच राहिलं, हे पाय कुणाचे असतील.

आता तुझ्या प्रश्नाकडे. रॉड्रिग्ज, म्हणजे तुझा तो फादर, पाय ठेवतो तो स्वतःचा छळ चुकवायला नाही. त्याला रात्री कोठडीत घोरण्याचा आवाज येतो, पहारेकरी झोपलेत असं वाटून त्याला हसू येतं, आणि मग फेरेरा येऊन सांगतो की हे घोरणं नाहीये, खड्ड्यावर टांगलेल्या शेतकऱ्यांचं कण्हणं आहे, त्यांनी धर्म केव्हाच सोडलाय, तरी तू सोडत नाहीस तोवर त्यांना उतरवणार नाहीत. बघ म्हणजे, हौतात्म्य हवं होतं तेही मिळेना, ज्याचा जीव जायचाय तो दुसऱ्याचाच. काकांना एवढंच विचार की अशा वेळी गोन्सालोनं काय केलं असतं. मी उत्तर सुचवत नाहीये, मला ते देता येत नाही आणि एन्दोनंही दिलेलं नाही.

माझं लक्ष मात्र दरवेळी किचिजिरोकडे जातं. आठवतोय ना, तो मळका, रडका, सारखा पळणारा. घरचे सगळे हुतात्मा झाले, हा पाय ठेवून सुटला. फादरला पकडून दिलं यानंच. आणि तरी प्रत्येक वेळी परत येऊन म्हणतो, फादर, कन्फेशन घ्या. रॉड्रिग्जला त्याची किळस येते, त्याला तो येशूला पकडून देणारा ज्यूदास वाटतो, आणि तरी क्षमेचे शब्द उच्चारावे लागतात कारण समोरचा माणूस आवडतो की नाही यावर ते अवलंबून नसतं. शेवटी रॉड्रिग्जनं धर्म सोडलाय, जपानी नाव घेतलंय, त्याला घर आणि बायको दिलीये, आणि किचिजिरो पुन्हा येतो, फादर, कन्फेशन घ्या. ज्याला सगळ्यांनी पडलेला ठरवलंय त्याच्याकडं क्षमा मागायला येणारा हा एकटाच, दुसरा पडलेला. आणि चर्चचाच नियम आहे की एकदा दीक्षा झालेला धर्मगुरू कायमचा धर्मगुरू, त्याला काम करायला बंदी घालता येते, पण झालेली दीक्षा पुसता येत नाही. एन्दोनं सगळं वजन या नियमावर टाकलंय. त्यामुळं हरला की जिंकला हा प्रश्न मला तितकासा लागत नाही, तो अजून फादर आहे का हा लागतो.

सिनेमा आणि पुस्तक यात एक फरक आहे तो घरी सांग. स्कॉर्सेसीच्या सिनेमात रॉड्रिग्जचं दहन होताना त्याच्या हातात लहानसा क्रूस दिसतो. पुस्तकात तसं काही नाही, पुस्तक संपतं एका अधिकाऱ्याच्या कोरड्या रोजनिशीनं, त्यात कोण आजारी, कुणाला काय दिलं, असल्या नोंदी, आणि त्यातून तुम्ही काय ते काढा. स्कॉर्सेसीनं आपल्याला थोडं सोपं करून दिलं. मला पुस्तकाचा शेवट जास्त पटतो, पण तो क्रूस दिसल्यावर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि काकांसाठी एक खरी घडलेली गोष्ट. मार्च १८६५, नागासाकीला परदेशी लोकांसाठी नुकतंच ओउराचं चर्च बांधलेलं, तिथं फ्रेंच फादर पेतिजाँ. उराकामी गावची काही माणसं येतात आणि हळूच सांगतात की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठाय. दोनशेहून जास्त वर्षं ना फादर, ना चर्च, ना मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), आणि यांनी बाप्तिस्मा चालू ठेवलेला, कारण बाप्तिस्मा अडचणीत कुणीही देऊ शकतं. हे सगळे कुणाचे वंशज? जे हुतात्मा झाले त्यांचे वंश बहुतेक तिथंच खुंटले. हे त्यांचे, जे दरवर्षी जाऊन त्या प्रतिमेवर पाय ठेवायचे आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. पाय ठेवला तिथं संपलं असतं तर त्या दिवशी ओउराला कुणीच आलं नसतं. बंदी उठली ती पुढं १८७३ मध्ये.

‘एक्सॉर्सिस्ट’मध्ये खरं किती? मुलगा बारा वर्षांचा आहे, मित्रांनी बघितलाय म्हणून हट्ट धरलाय. – वाचक, ठाणे

बारा वर्षांच्या मुलाला नको, यात चर्चा नाही.

खरं इतकंच की विल्यम पीटर ब्लॅटी जॉर्जटाउनला जेझुइटांच्या विद्यापीठात शिकत असताना १९४९ मध्ये मेरीलँडमधल्या एका मुलाच्या अंगात भूत शिरल्याची बातमी आली होती, त्यावरून त्यानं वीसेक वर्षांनी कादंबरी लिहिली, मुलाची मुलगी केली. एक गोष्ट सिनेमानं चोख दाखवलीये जी भारतातले भुताचे सिनेमे कधी दाखवत नाहीत, की कुणीही फादर उठून भूत काढू शकत नाही, बिशपची परवानगी लागते, आणि आधी डॉक्टरी तपासणी. अर्धा सिनेमा हॉस्पिटलमध्येच जातो, मला तरी ती सुयांची तपासणी भुतापेक्षा भयंकर वाटली. आणि त्यातला हसरा फादर डायर आहे ना, ते काम खऱ्या जेझुइट फादरनं केलंय.

तुम्ही ‘स्पॉटलाइट’चं आणि त्या आयरिश लाँड्रीच्या सिनेमाचं कौतुक करता. आम्ही चर्चला जाणारी माणसं आहोत. असे सिनेमे म्हणजे चर्चची बदनामी, आणि तुमच्यासारखे लोक त्याला श्रद्धेच्या यादीत घालतात. – वाचक, मुंबई

पत्र कडक आहे, उत्तरही तसंच देते. ‘स्पॉटलाइट’मध्ये फादरांनी मुलांवर केलेले अत्याचार आणि चर्चनं ते दडपणं दाखवलंय, ते घडलंय. ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकानं २००२ मध्ये ते छापलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनल लॉ यांना आर्चबिशपपद सोडावं लागलं. सिनेमाला ऑस्कर मिळाल्यावर व्हॅटिकनच्याच दैनिकानं लिहिलं की हा सिनेमा कॅथोलिकविरोधी नाही. रोमला जे चालतं ते आपल्याला का चालू नये? बदनामी मुलांना त्रास देणाऱ्यांनी आणि त्यांची गुपचूप बदली करणाऱ्यांनी केली, बातमीदारांनी नाही.

आयरिश म्हणजे तुम्हाला ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ म्हणायचं असणार, नन्सच्या लाँड्रीत कोंडून राबवलेल्या मुलींची गोष्ट. क्लेअर कीगनची छोटीशी कादंबरी २०२१ ची, सिनेमा २०२४ चा. १९८५ चा नाताळ, न्यू रॉस गाव, बिल फर्लाँग कोळसा पोचवायला कॉन्व्हेंटात जातो आणि कोळशाच्या खोलीत त्याला एक मुलगी कोंडलेली सापडते. आता गंमत बघा, फर्लाँग काही चर्चचा शत्रू नाही, मिस्सेला जाणारा माणूस आहे, पोरी त्याच नन्सच्या शाळेत शिकतात, गावात सगळं त्यांच्याच हातात. मदर त्याला नाताळचं पाकीट देते, आत पैसे. गप्प बसायला सगळी कारणं आहेत. आणि तो मिस्सेला जाऊन आलेला माणूसच ठरवतो की त्या पोरीला घरी आणायचं. येशूच्या आईला कुणी जागा दिली नाही ती गोष्ट दर नाताळात ऐकणाऱ्या माणसानं दुसरं काय करायचं होतं? याला मी श्रद्धेच्या यादीत घालणारच. आयर्लंडमधली शेवटची अशी लाँड्री बंद झाली १९९६ ला, सरकारनं माफी मागितली २०१३ ला. ही फार जुनी गोष्ट नाहीये.

आणि चर्चचं एखाद्या पुस्तकाबद्दलचं मत कायमचं असतं असंही समजू नका. इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीनच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ कादंबरीवर १९५३ मध्ये रोमच्या कार्यालयानं नापसंतीचा शिक्का मारला, दारुड्या फादरची गोष्ट म्हणून. १९६५ मध्ये ग्रीन पोप पॉल सहावे यांना भेटला तर पोपनी ती वाचलेली निघाली, वर म्हणाले की तुमच्या पुस्तकांतल्या काही गोष्टी काही कॅथोलिकांना खटकणारच, तुम्ही लक्ष देऊ नका.

देव न मानणारा दिग्दर्शक खरा धार्मिक सिनेमा काढू शकतो का? आमच्या फिल्म क्लबमध्ये यावरून जुंपलीये. – वाचक, नाशिक

काढू शकतो, काढलेत. इटलीचा दिग्दर्शक पाझोलिनी मार्क्सवादी, आणि १९६३ मध्ये एका छोट्या सिनेमात धर्माचा अपमान केला म्हणून कोर्टानं शिक्षा सुनावलेली. तो १९६२ मध्ये असिसीला अडकला, पोप गावात येणार म्हणून रस्ते भरलेले, खोलीत पडल्या पडल्या बायबलमधलं शुभवर्तमान वाचून काढलं आणि १९६४ मध्ये ‘गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ आला. संवाद जवळजवळ सगळे मत्तयाच्या (म्हणजे मॅथ्यूच्या) शुभवर्तमानातलेच, स्वतःची भर नाही. नट नाहीत, साधी माणसं, म्हातारी मारिया म्हणजे पाझोलिनीची स्वतःची आई. सिनेमा अर्पण केलाय पोप जॉन तेविसावे यांना.

स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलचं त्याहून मजेदार. देवाच्या कृपेनं मी नास्तिक आहे म्हणणारा माणूस. १९६१ च्या त्याच्या ‘विरिदियाना’वर व्हॅटिकनचं दैनिक तुटून पडलं, आणि १९९५ मध्ये सिनेमाला शंभर वर्षं झाली म्हणून व्हॅटिकननं चांगल्या ४५ सिनेमांची यादी काढली तर तिच्यात त्याचाच ‘नाझारीन’, पाझोलिनीच्या शेजारी. क्लबमध्ये हे दोन लागोपाठ लावा आणि मग भांडा.

मी कथा लिहितोय. नायिका कॅथोलिक, जेनी, तिचे वडील दारू पिऊन माऊथ ऑर्गन वाजवतात, गावात चर्च आहे आणि फादर तिला ‘माय चाइल्ड’ म्हणून समजावतात. शेवटी प्रेमभंग होऊन ती नन होते. संपादकांनी परत पाठवली, म्हणाले खोटी वाटते. काय चुकलं? – वाचक, श्रीरामपूर

संपादक बरोबर बोलले. तुम्ही जेनीला भेटलाय कुठं? हिंदी सिनेमात. ‘बॉबी’तला ब्रॅगान्झा, ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी, मलाही आवडतात हो ते, अँथनी अंड्यातून बाहेर आला की मी आजही हसते, आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या गोव्याच्या वादकाचं होतं, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरूचं, हेही गोड आहे. पण पन्नास वर्षं झाली, ते कपडे आता दुसऱ्याच्या अंगावर घालू नका. त्याच काळातला ‘बातों बातों में’ बघा, तिथं लोकलनं ऑफिसला जाणारी वांद्र्याची साधी माणसं आहेत.

मुख्य म्हणजे तुमचं गाव श्रीरामपूर! हरेगावची मतमाउलीची (म्हणजे मारियेची) यात्रा तुमच्या घरापासून किती लांब? दर सप्टेंबरला हजारो माणसं येतात, सगळं मराठीत, आणि तुमची जेनी तोडकंमोडकं हिंदी बोलतेय. महाराष्ट्रातला कॅथोलिक म्हणजे वसईचा वेगळा, मुंबईचा ईस्ट इंडियन वेगळा, गोव्याहून आलेला वेगळा आणि नगर जिल्ह्यातला शेतमजुरी करणारा आणखी वेगळा. फादर स्टीफन्सनं ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांमध्ये लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, फादर दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि आपले फादर अजून ‘माय चाइल्ड’? ते ‘बाळ, बस’ म्हणतील. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ वाचा, गोव्याची बाई कुवेतला आया म्हणून जाते, तिचा धर्म तिच्या रोजच्या काळजीत मिसळलेला आहे, वेगळा काढून दाखवलेला नाही.

दुसरं, जेनी कॅथोलिक आहे याचा गोष्टीत कुणाला त्रास होतो? कुणालाच नाही. नाव बदलून जान्हवी केलं तरी कथा तीच राहते. ग्रीनची मघाची कादंबरी घ्या. मेक्सिकोच्या एका प्रांतात धर्माला आणि दारूलाही बंदी, सगळे फादर मेले, पळाले नाहीतर लग्न करून बसले, उरलाय हा एकटा, व्यसनी, एक मूल असलेला. मिस्सेला द्राक्षाची वाइन लागतेच, त्याशिवाय मिस्सा होत नाही, म्हणून तो जवळचे सगळे पैसे घालून चोरट्या बाजारात एक वाइन आणि एक ब्रँडीची बाटली मिळवतो. विकणारा अधिकाऱ्याचा माणूस, तो म्हणतो चला आत्ताच उघडू. फादरला सांगता येत नाही की ही कशासाठी आहे. तो म्हणतो ब्रँडी घ्या, ब्रँडी घ्या, पण त्यांना वाइनच हवी असते. त्याच्या डोळ्यांसमोर ती संपते आणि तो रडतो, त्यांना वाटतं चढली. एक नियम, एक बाटली, एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे, आणि धर्मावर कुणी भाषण केलेलं नाही.

मल्याळममधला ‘ई.मा.यौ.’ शोधा, लिजो जोस पेल्लिसेरीचा, २०१८. कोचीजवळच्या किनाऱ्यावरचं गाव, म्हाताऱ्या बापाला थाटात अंत्यविधी हवा असतो आणि मुलगा शब्द देऊन बसतो. बाप त्याच रात्री जातो. शवपेटीला पैसे नाहीत, पाऊस कोसळतोय, आणि फादरला मृत्यूबद्दल संशय येतो म्हणून ते पुरायला परवानगी देत नाहीत. शेवटी पोरगा वेड्यासारखा घराच्या आवारातच खड्डा खणतो. हा फादर ‘माय चाइल्ड’ही म्हणत नाही आणि व्हिलनही नाही, तो आडमुठा आहे, जसा एखादा तलाठी असतो तसा.

तेव्हा हरेगावला जा, यात्रेत फिरा, जेवायला बसा, कोण कशासाठी नवस बोलतं ते ऐका. तिथली एखादी बाई घ्या जिला काहीतरी करायचंय आणि तिची श्रद्धा आडवी येतेय, किंवा उलट, सगळे नको म्हणतायत आणि श्रद्धाच तिला करायला लावतेय. माऊथ ऑर्गन ठेवायचा तर ठेवा, पण दारू काढा. आणि तिला शेवटी नन करू नका, आधी उमेदवारी, मग निदान वर्षभर नव्हिशिएट (शिकाऊ काळ), मग तीनेक वर्षं तरी तात्पुरती व्रतं, आणि दर टप्प्यावर विचारतात का आलीस म्हणून. प्रेमभंग झाला म्हणून आले असं सांगितलं तर मदर तिला चहा पाजून पुढच्या एस.टी.नं घरी पाठवेल.